आधी काम, मग कारण

आयडा स्कडरला मिशनरी व्हायचं नव्हतं. घरात त्या कामाचा वारसा इतका भक्कम होता की तिला त्याचा उबगच आला होता. आजोबा जॉन स्कडर न्यूयॉर्कमधली चांगली चालणारी प्रॅक्टिस सोडून १८१९ साली पूर्वेकडे निघाले. आधी सिलोन, मग मद्रास इलाखा. मुलं त्याच वाटेनं गेली आणि नातवंडांनीही जावं असं सगळ्यांनी गृहीत धरलं. आयडाचा जन्म १८७० सालचा, तमिळ मुलखातल्या राणीपेटचा. लहानपणी तिनं दुष्काळ डोळ्यांनी पाहिला होता आणि त्या देशात परत पाऊल टाकायची तिची इच्छा नव्हती. अमेरिकेत शिकावं, लग्न करावं, सुखानं राहावं, एवढाच तिचा बेत होता. १८९० साली ती तिंडिवनमला आली तीही आई आजारी म्हणून, थोड्या दिवसांसाठी.

तिथं एका रात्री बंगल्याच्या दारात एकामागून एक तिघे जण आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि आणखी एक हिंदू गृहस्थ. तिघांच्याही बायका अडलेल्या होत्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, ते लगेच यायला तयार होते. पण परपुरुषानं आपल्या घरातल्या बाईला हात लावणं तिघांनाही मान्य नव्हतं. त्यांना आयडा हवी होती. तिला यातलं काहीही येत नव्हतं. तिघेही रिकाम्या हातानं परतले. सकाळी चौकशीला माणूस पाठवला, तर तिन्ही बायका गेल्याचं कळलं.

ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे आणि बहुतेक वेळा ती चमत्कारासारखी सांगितली जाते: रात्रीत हाक आली, मुलगी बदलली. नीट पाहिलं तर त्या रात्री आयडाला कुठलाही उदात्त अनुभव आलेला दिसत नाही. आपल्याला काही येत नाही, ही बोचणी तेवढी होती. तिचं उत्तरही रोकडं होतं: ती अमेरिकेला परत गेली, वैद्यकीय अभ्यास केला आणि १८९९ साली कॉर्नेलची पदवी घेतली. न्यूयॉर्कच्या शेल नावाच्या एका बँकरनं दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले आणि १९०२ साली वेल्लोरमध्ये चाळीस खाटांचं रुग्णालय उभं राहिलं. १९०९ साली परिचारिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. १९१८ साली बायकांसाठी वैद्यकीय शाळा निघाली तेव्हा तीन अर्ज आले तरी नशीब, असं शंकेखोर म्हणत होते. अर्ज आले १५१. आज ज्याला सगळा देश ‘सीएमसी वेल्लोर’ म्हणून ओळखतो, त्याची ही सुरुवात.

ख्रिस्ती प्रेम, सेवा आणि त्यातून गवसणारं जगण्याचं प्रयोजन, असा विषय निघाला की लेखणी लगेच मधाळ होते. ‘प्रेरणा’ हा तर आता बाजारात खपणारा माल आहे. एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर ‘स्वतःला ओळखा’, ‘ध्येय ठरवा’ छापाच्या पुस्तकांची थप्पी असते आणि त्या सगळ्यांचा क्रम एकच: आधी आत डोकावा, आपल्याला काय हवं ते शोधा, उत्साह भरून घ्या आणि मग कामाला लागा. ख्रिस्ती सेवेच्या इतिहासातली माणसं तपासली की हा क्रम बरोबर उलटा दिसतो. आधी कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. मग काम सुरू होतं, बहुधा अर्धवट तयारीनं. आपण हे कशासाठी करतो आहोत, याचं उत्तर काम करता करता तयार होतं. कधीकधी तेही होत नाही आणि काम चालूच राहतं.

या क्रमाची मुळं येशूनं सांगितलेल्या एका प्रसिद्ध दाखल्यात सापडतात. एक धर्मशास्त्री येशूला विचारतो की शेजारी म्हणावं तरी कुणाला. येशू व्याख्या सांगत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्यावर लुटारूंनी एकाला झोडपून अर्धमेला टाकलाय. याजक बघून न बघितल्यासारखं करून जातो, लेवीही तसाच जातो. थांबतो तो एक शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना ज्यांच्या हातचं पाणीही नको होतं त्या जमातीतला. लूकच्या शुभवर्तमानात या शोमरोन्याच्या मनात काय चाललं होतं यावर जेमतेम एक शब्द खर्च झाला आहे. बाकी सगळा तपशील कामाचा: जखमांवर तेल आणि द्राक्षारस, बांधलेल्या पट्ट्या, स्वतःचं जनावर, उतारशाळेतली रात्र, मालकाच्या हातावर ठेवलेली दोन नाणी आणि वर जास्त खर्च झाला तर परतताना चुकता करीन हा वायदा. प्रेमाचं हे वर्णन हिशेबाच्या वहीच्या जवळ जाणारं आहे. (त्या उतारशाळेच्या मालकाचं नाव मात्र कुणी घेत नाही. शोमरोनी पुढच्या गावाला गेला. पट्ट्या बदलण्याचं काम यानंच केलं असणार.)

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. केडगाव पुण्याहून सोलापूरच्या लोहमार्गावर आहे आणि पंडिता रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकापासून ओळखीचं आहे. पण रमाबाईंना आपण विदुषी म्हणून ओळखतो, बंडखोर म्हणून ओळखतो. त्यांच्या कामाचं इंजिन कशावर चालत होतं, हे पाहायचं टाळतो.

अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरणारं हे कुटुंब त्यात सापडलं. भीक मागायची नाही, अंगमेहनतीचं काम कधी शिकलेलं नाही. उपासमारीत आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंच्या संस्कृतवरच्या प्रभुत्वाला दाद दिली, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्न, मुलगी, वैधव्य हे सगळं पुढच्या चार वर्षांत उरकलं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वॉंटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे राहिल्या.

फुलहॅम या लंडनच्या भागात या सिस्टर्सचं एक आश्रयगृह होतं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायका तिथं राहत. रमाबाईंनी पाहिलं की तिथं त्यांना कुणी तुच्छतेनं वागवत नाही आणि त्यांच्यापैकी काही जणी आता स्वतःच दुसऱ्यांच्या सेवेत गुंतल्या आहेत. पुढे आत्मसाक्षीत त्यांनी या भेटीला मोठं महत्त्व दिलं आहे. शास्त्रं त्यांना मुखोद्गत होती. पण ‘वाया गेलेल्या’ ठरलेल्या बाईला परत माणसांत बसवणारी व्यवस्था त्या पहिल्यांदाच बघत होत्या. यामागे काय आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरनं योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंच्या धर्मांतरावर आजवर ढीगभर लिहिलं गेलं, बाजूनं आणि विरुद्ध. त्यात या आश्रयगृहाचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो. तो मधोमध असायला हवा.

मुंबईत १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी शारदा सदन काढलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनींतल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. सदन पुण्याला आलं आणि वाद पेटला. मुलींना ख्रिस्ती करण्याचा डाव आहे, हा आरोप. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. दार लावून घ्यायला त्या तयार नव्हत्या. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. इथं एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. सेवेच्या आडून धर्मप्रसार हा आक्षेप हवेतला नव्हता. त्या काळच्या अनेक मिशनांना वर्गणी मिळत होती ती बाप्तिस्म्यांची संख्या बघून, आणि उपाशी माणसाची संमती किती मोकळी असते हा प्रश्न आजही टोचतो. पण ज्या मुलींचं काय करायचं याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडे नव्हतं, त्या मुली रमाबाईंच्या घरी जेवत होत्या, हेही तितकंच खरं.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या दुष्काळी छावण्यांतून तरुण मुली हेरून पळवणारे दलाल फिरतायत असं कळल्यावर रमाबाई स्वतः गेल्या. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच रस्त्यावर होत्या. जवळ पैसा नाही, पुण्यात प्लेग, नव्या मुली शहरात आणायला सरकारी मनाई. केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती, तिथं तंबू, झोपड्या उभ्या राहिल्या आणि शेकड्यानं मुली आल्या. ‘मुक्ती’ ही संस्था अशी घडली. आराखडा काढून नाही. १९०० च्या आसपास तिथली वस्ती दीड हजारांपर्यंत गेली होती. विणकाम, शेती, गुरं, तेलाचा घाणा, छापखाना यांतलं प्रत्येक काम बायकाच करत. मनोरमा, रमाबाईंची मुलगी, ब्रेल शिकून आली आणि अंध मुलींचा वर्ग सुरू झाला. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या हातांनी पुढे रमाबाईंनी केलेलं बायबलचं अख्खं मराठी भाषांतर छापलं. त्यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या, कारण खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. १९२१ साली मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं.

केडगावच का? मिरजेचं उदाहरणही आहे. कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं रुग्णालय उघडलं, आणि मिरज ‘डॉक्टरांचं गाव’ झालं त्याची सुरुवात तिथून आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा बऱ्याच जणांना ते लेखक म्हणून माहीत झाले. वसईकरांना ते ‘हरित वसई’च्या लढ्यातले, पाणी आणि जमीन राखण्यासाठी बिल्डरांविरुद्ध उभे राहणारे धर्मगुरू म्हणून आधीच माहीत होते. सेवा म्हणजे मलमपट्टीच असते असं नाही.

आता गैरसोयीच्या भागाकडे. सेवेतून आनंद मिळतो, समाधान मिळतं, असं सर्रास सांगतात. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली आणि या समजुतीला मोठा तडा गेला. १९४६ च्या सप्टेंबरमध्ये दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना हाक ऐकू आली. १९४८ साली त्यांनी लोरेटो कॉन्व्हेंट सोडलं. १९५० साली त्यांच्या संघाला मान्यता मिळाली. काम सुरू झालं त्याच सुमाराला ईश्वर जवळ असल्याची जाणीव नाहीशी झाली आणि थोड्या काळाचा अपवाद सोडला तर मरेपर्यंत परत आली नाही. पन्नासच्या आसपास वर्षं आत अंधार आणि बाहेर रोज पहाटे उठून तेच काम. भावना आटल्यावर काय उरतं, तर नेमलेली वेळ, सोबतची माणसं, दिलेला शब्द आणि समोर पडलेला रोगी. प्रेरणेच्या पुस्तकांत या मुद्द्याला जागा नसते.

याच मदर तेरेसांवर टीकाही झाली आणि तीही टाळता येत नाही. १९९४ साली ‘लॅन्सेट’चे संपादक रॉबिन फॉक्स यांनी त्यांच्या कलकत्त्याच्या आश्रमाला भेट देऊन लिहिलं, की तिथं माया आहे, स्वच्छता आहे, पण रोगनिदान ढिलं आहे आणि वेदनेवर चांगली औषधं नाहीत. कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत मायेचा हात लागतोच. पण मॉर्फिनही लागतं.

हे ज्यांनी ओळखलं त्याही ख्रिस्ती श्रद्धेच्याच होत्या. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका. डेव्हिड तास्मा नावाचा पोलिश ज्यू निर्वासित १९४८ साली त्यांच्या देखभालीखाली कॅन्सरनं वारला. मरणाऱ्यांसाठी वेगळं घर असावं असं दोघांचं बोलणं व्हायचं. त्यानं जाताना पाचशे पौंड ठेवले, त्या घरातल्या एका खिडकीसाठी. वेदनाशमनाचं शास्त्र बदलायचं तर डॉक्टर व्हायला हवं, म्हणून सॉन्डर्स पुन्हा कॉलेजात गेल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या. दुखणं असह्य होईपर्यंत थांबायचं नाही, ठरल्या वेळी मॉर्फिन द्यायचं, ही त्यांची पद्धत. १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं, म्हणजे ती खिडकी बसायला एकोणीस वर्षं गेली. आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस, ‘शांती आवेदना’, १९८६ साली वांद्र्यात सुरू झालं.

कौशल्याशिवाय प्रेम अपुरं पडतं, याचा सगळ्यात बारकाईनं नोंदलेला धडा पुन्हा वेल्लोरचाच. शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ साली तिथं आले. चिंगलपेटच्या कुष्ठालयात एका रुग्णाशी हात मिळवताना त्यांना धक्का बसला. बोटं वाकून नखरासारखी झालेली, पण पकड इतकी जोरकस की हात दुखावा. म्हणजे सगळे स्नायू मेलेले नव्हते. मग चांगल्या स्नायूचा कंडरा काढून निकामी झालेल्या जागी जोडायचा, अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या. बोटं झडतात ती रोगानं सडून नाही, हेही हळूहळू उलगडलं. वेदनाच कळत नाही, म्हणून तापलेलं भांडं हातातून सुटत नाही, रुतलेला खिळा जाणवत नाही. रात्रीत काहींच्या बोटांचे तुकडे गायब होत. पाळत ठेवल्यावर कळलं की उंदीर कुरतडतात. उपाय? रुग्णांना मांजरं पाळायला दिली.

हात दुरुस्त झाले आणि नवीन तक्रार आली. सरळ बोटांच्या हातावर कुणी भीक घालीना. बरा झालेला माणूस बऱ्या नसलेल्यापेक्षा जास्त उपाशी राहू लागला. डॉक्टरांनी हात दिला खरा, पण त्या हातानं करायचं काय, हा विचार कुणी केला नव्हता. त्यातून १९५१ च्या सुमारास ‘नव जीवन निलयम’ ही वसाहत निघाली. तिथं सुतारकाम शिकवत, आणि संवेदना नसलेल्या हाताला इजा होणार नाही अशा मुठी हत्यारांना बसवत. शस्त्रक्रियेइतकंच डोकं पादत्राणांवर चाललं: कुठला तळ मऊ हवा, दाब कुठे पडतो, खिळ्यांऐवजी काय वापरायचं. ज्याला चपलांचा हा विचार रटाळ वाटतो, त्यानं सेवेच्या वाटेला न गेलेलं बरं.

देणाऱ्याचा हात नेहमी वरच राहतो, हा या सगळ्यातला सर्वांत अवघड पेच आहे. मिशनच्या इतिहासात तो जागोजागी दिसतो: गोऱ्या डॉक्टरचं नाव फलकावर, आणि रात्रपाळी करणाऱ्या स्थानिक परिचारिकेचं नाव नोंदवहीतही नाही. चर्चमध्येही जात सुटली नाही, हे मराठी ख्रिस्ती समाजातल्या दलितांना कुणी समजावून सांगायला नको. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा पेत्र आधी पाय पुढे करायला तयारच होत नाही. सेवा करणं त्याला जमलं असतं, करून घेणं जमत नव्हतं. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी पवित्र गुरुवारचा हा विधी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला. ज्यांचे पाय धुतले त्यांत मुली होत्या आणि मुस्लीमही होते. नियमाप्रमाणे तोवर हा विधी पुरुषांपुरता होता. नियम बदलला २०१६ साली, म्हणजे कृती झाल्यावर तीन वर्षांनी.

घेणारा आणि देणारा ही वाटणी कशी मोडते, ते डॉ. मेरी वर्गीस यांच्या आयुष्यात दिसतं. केरळहून वेल्लोरला शिकायला आलेल्या या तरुण डॉक्टरचा १९५४ साली मोटार अपघात झाला आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. सगळं संपलं असं त्यांनाच वाटत होतं. ब्रँडनी वेगळा हिशेब मांडला: कुष्ठरोग्याच्या हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. मेरी वर्गीस चाकाच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करू लागल्या. बोटं गमावलेले रुग्ण त्यांना पाहत आणि त्यांचा सल्ला इतर डॉक्टरांच्या सल्ल्याहून मुकाट्यानं ऐकत. पुढे त्या न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनवैद्यक शिकल्या, परत येऊन वेल्लोरचा तो विभाग सांभाळला, आणि १९६६ साली वेल्लोरजवळ बागायमला मणक्याला इजा झालेल्यांसाठी निवासी केंद्र सुरू झालं. तिथं रुग्णाबरोबर घरातलं एक माणूसही राहायला येतं. कूस कधी बदलायची, लघवीची नळी कशी घालायची, पाठीला जखम होऊ लागली तर ती कशी ओळखायची, हे सगळं त्यालाही शिकवतात, कारण गावी परतल्यावर तिथं नर्स नसते.